खालच्या खोलीची ओल काढली, माझा अनुभव

आमचं घर रत्नागिरीजवळ, उतारावरचं, जांभ्या चिऱ्याचं. वरचा मजला रस्त्याला लागून आणि खाली तळघरासारखी एक खोली, मागची भिंत सगळी डोंगराच्या मातीत, पुढचं दार परसात. तिथे नारळ आणि लाकडं पडलेली असायची. आईचा सगळा दिवस परसात, विहीर, तुळस, झाडं सगळं तिकडेच, पण गुडघे गेल्यावर जिना होईना, म्हणून तीच खोली तिला राहण्यासारखी करायची ठरवली.

पहिल्यांदा आम्ही चुकीचंच केलं. आतून सिमेंटचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंगची पावडर, वरून महागडा रंग. श्रावणापर्यंत रंगाला फुगे, हात लावला की पापुद्रा सुटून यायचा आणि मागे कापसासारखा पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. जांभा सच्छिद्र दगड, मागून मातीतलं पाणी ढकलत येतंय तर आतला थर किती दिवस टिकणार? पैसे गेले त्यापेक्षा आईचा एक पावसाळा गेला याचं वाईट वाटलं.

मग एका जुन्या गवंडीकाकांना बोलावलं. त्यांनी काय केलं तर प्लास्टिकचा दोन फुटी तुकडा भिंतीला चारी बाजूंनी टेपने चिकटवला, तसाच एक जमिनीवर, आणि दुसऱ्या दिवशी आले. भिंतीवरच्या प्लास्टिकच्या मागे पाणी, म्हणजे ओल भिंतीतूनच येतेय. जमिनीवरच्याला मात्र वरून थेंब, खालून कोरडं. म्हणजे तिथे हवेतलं बाष्पच गार लादीवर जमत होतं. दोन वेगळे आजार, औषधं पण वेगळी.

काम फेब्रुवारीत काढलं. आधी छपराला पन्हळ लावली कारण पागोळ्यांचं पाणी बरोबर त्या भिंतीच्या बुडाशी पडायचं, हे इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं! मग भिंतीमागे पाच फूट खोल चर, पण एकदम नाही, सहा-सहा फुटांच्या तुकड्यात, आणि पायाच्या खाली कुदळ जाऊ द्यायची नाही, नाहीतर भिंतच अंगावर येईल. चिरे घासून धुतले, सांधे भरले, बाहेरून गिलावा, तो वाळल्यावर डांबराचे दोन हात. बुडाशी भोकं पाडलेला चार इंची पाईप, उतार परसाकडे, भोवती खडी आणि माती आत जाऊ नये म्हणून जिओटेक्स्टाईल कापड. माझ्या मते सगळ्यात मोलाचा हा पाईपच, कारण पाण्याला जायला वाट मिळाली की ते भिंतीवर जोर करत नाही.

आतला सिमेंट गिलावा पार चिऱ्यापर्यंत खरवडला आणि चुन्याचा केला, उरलीसुरली ओल त्यातून बाहेर पडते. सुकायला दोन महिने दिले, घाई करू नका प्लीज. जमीन उकरून सोलिंग म्हणजे दगडांचा थर, जाड प्लास्टिक, पीसीसी म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, वर कोबा. हवेतल्या दमटपणासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं बाष्प ओढून घेणारं यंत्र घेतलं. धो धो पावसात खिडक्या उघड्या ठेवल्या तर बाहेरची दमट हवाच आत येते, तेव्हा त्या बंद, ऊन पडलं की सताड उघड्या.

जुलैत सलग चार दिवस ओतत होता. पाईपच्या तोंडातून मनगटाएवढी धार परसात पडत होती. मी आत जाऊन प्लास्टिक परत चिकटवलं, दुसऱ्या दिवशी सोडवलं, मागे कोरडं. आई गणपतीच्या आधी खाली राहायला आली. कपाट अजून भिंतीपासून वीतभर लांबच ठेवलंय, मागून हवा फिरायला.