पीपीएमचा हिशेब मी कसा शिकले

"बाटलीत किती उरलंय?" मिरजेच्या दवाखान्यातून ह्यांनी फोनवर विचारलं.

"काहीच नाही. सगळी घातली की ड्रमात."

पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "अगं, ती दहा ड्रमांची बाटली होती."

सांगली जिल्ह्यातल्या मणेराजुरीला आमची थॉमसन द्राक्षांची बाग आहे. त्या वर्षी ऑक्टोबर छाटणी उरकली आणि पुढच्याच आठवड्यात ह्यांचा पाय मोडला. घड पोपटी रंगावर आले की दहा पीपीएम जीए, म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचं औषध, मारायचं, एवढं मला वर्षानुवर्षं ऐकून पाठ होतं. ह्यांनी वीस ग्रॅम पावडर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून अर्ध्या लिटरची बाटली भरून ठेवली होती. ऑपरेशनच्या दिवशी फवारणीची वेळ आली, फोन लागेना, म्हणून मी बाटली आख्खी दोनशे लिटरच्या ड्रमात रिकामी केली. बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

आठ-दहा दिवसांत बारा ओळी वेगळ्या दिसायला लागल्या. घड लांबलचक, घडाच्या पाकळ्या, म्हणजे बाजूच्या फांद्या, पिळवटलेल्या, देठ हाताला तारेसारखे ताठ. मी रोज त्या ओळींत जाऊन उभी राहायची. आत्याबाई म्हणाल्या, "झालं ते झालं, आता हिशेब शीक." त्यांना अक्षरओळख नाही, पण त्यांचंच बोलणं मला लागू पडलं.

पुतणी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात बीएस्सी करते. शनिवारी ती घरी आली. मला वाटलं, वहीभर सूत्रं लिहून देईल. तिनं उलट मलाच विचारायला सुरुवात केली.

"काकू, एक लिटर पाणी किती किलो?"

"एक किलो."

"किलोचे मिलिग्रॅम किती?"

हजार ग्रॅम, ग्रॅमचे हजार मिलिग्रॅम. दहा लाख.

"मग त्या दहा लाखांत औषधाचा एक मिलिग्रॅम पडला की झाला एक पीपीएम. दहा लाखांत एक भाग."

मी गप्पच झाले. इतकी वर्षं हा शब्द घरात फिरत होता आणि त्याचा अर्थ पाण्याच्या एका लिटरात बसत होता. जितके पीपीएम, तितके मिलिग्रॅम एका लिटरला. दहा पीपीएमला लिटरमागं दहा मिलिग्रॅम, दोनशे लिटरला दोन हजार मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅम. मी वीस ग्रॅम घातले होते. पावडर अख्खी शुद्ध धरली तर शंभर पीपीएम. आकडा कागदावर उतरला तेव्हा बारा ओळी डोळ्यांपुढं आल्या.

बाटलीचा हिशेब तिनं दह्यावरून सांगितला. दह्यात पाणी घातलं तर ताक पातळ होतं, दही काही कमी होत नाही. तसंच बाटलीतलं औषध ड्रमात गेलं तरी तेवढंच राहतं, फक्त पसरतं. म्हणून आधीची तीव्रता गुणिले आधीचं माप हे नंतरची तीव्रता गुणिले नंतरचं माप याच्याएवढं येतं. ५०० मिलीत २० ग्रॅम, म्हणजे एका मिलीत ४० मिलिग्रॅम. दोन ग्रॅम हवेत, तर ५० मिली. एका ड्रमाला बाटलीचा दहावा हिस्सा! ह्यांनी तो तोंडी धरून ठेवला होता, मला सांगायचा राहिला होता.

तिच्या कॉलेजात तीव्रता मोलमध्ये मोजतात. जीएच्या रेणूचं वजन साधारण ३४६, म्हणून ३४६ ग्रॅम लिटरभर द्रावणात असले तर एक मोलर. आमचं डिपिंगचं, म्हणजे घड बुडवायच्या द्रावणाचं, ४० पीपीएम म्हणजे मोलरच्या दहा हजार भागांतला साधारण एक भाग. बागेत वजनाचा हिशेब पुरतो, पण एवढ्याशा औषधानं मणी फुगतो, हे त्या आकड्यानंच मला पटलं.

डिसेंबरात डिपिंगचं द्रावण मी स्वतः केलं. आधी पुडीवरचा बारीक मजकूर वाचला: जीए ९० टक्के. म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत औषध नव्वदच. दोनशे लिटरला ८ ग्रॅम शुद्ध हवं, तर पावडर ८ भागिले ०.९, जवळजवळ ८.९ ग्रॅम. त्यासाठी दागिने तोलतात तसला छोटा काटा आणला. त्यात सीपीपीयू हे मणी फुगवणारं दुसरं औषधही घालायचं होतं; त्याच्या बाटलीवर ०.१ टक्का वाचून मला ते अगदीच फिकं वाटलं होतं. पण ०.१ टक्का म्हणजे लिटरात एक ग्रॅम, एक हजार पीपीएम. त्याचा एक मिली एका लिटर पाण्यात घातला की एक पीपीएम. आपल्याला दोन हवे होते, म्हणून ड्रमाला ४०० मिली. पाण्याचा सामू (पीएच) सायट्रिक अ‍ॅसिडनं सहाच्या आत आणला, त्यानंतर बायका हातात द्रावणानं भरलेला मग धरून एकेक घड बुडवायला लागल्या. मी दर ड्रमाला वहीत आकडे लिहीत होते, आणि चिठ्ठी नसलेली एकही बाटली शेडमध्ये राहू दिली नाही.

त्या बारा ओळींचा माल बाजारात जाण्यासारखा नव्हता. तो बेदाण्याला टाकला. शेडवर, सुकवण्याआधी द्राक्षं बुडवतात त्या टाकीशी, पोरगा विचारायला आला, "वहिनी, किती घालू?" लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. टाकी शंभर लिटरची. अडीच किलो आणि दीड लिटर, मी म्हणाले, आणि खडूनं टाकीवर लिहूनही ठेवलं.