हिरवा आणि निळा

दुपारी कीटकांवरचे एक जाडजूड पुस्तक उगाच चाळत असताना समोरासमोरच्या दोन पानांवर दोन भुंगेरे दिसले आणि डोळ्यांवरची झोप उडाली. डावीकडचा पाचूसारखा हिरवा, जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा; उजवीकडचा राखट निळा, अंगावर काळे मखमली ठिपके आणि शरीराहून लांब मिशा मिरवणारा. अधिक देखणा कोण, असे कोणी विचारले असते तर मी हिरव्याकडे बोट दाखवले असते, आणि नेमका तोच झाडांचा काळ निघाला.

हा हिरवा, म्हणजे ॲश नावाच्या वृक्षांवर जगणारा एमराल्ड ॲश बोरर, मूळचा पूर्व आशियातला. तिथले ॲश वृक्ष त्याला बऱ्यापैकी पुरून उरतात. पण बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो अमेरिकेत पोहोचला आणि २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ ओळखला गेला, तोवर तिथल्या बेसावध झाडांच्या सालीखाली त्याच्या अळ्यांनी नागमोडी बोगदे कोरून अन्नपाण्याच्या वाटाच तोडल्या होत्या. पुढे जळाऊ लाकडाबरोबर तो गावोगाव फिरला आणि कोट्यवधी झाडे गेली.

लहानपणी मीही असाच एक हिरवा भुंगेरा काडेपेटीत ठेवला होता. रात्रभर आतून खुडबुड ऐकू येत होती. सकाळी ती थांबली होती, रंग मात्र तसाच लखलखत होता. तो रंग म्हणजे कवचाच्या सूक्ष्म थरांवरचा प्रकाशाचा खेळ, म्हणून तो मरणानंतरही उतरत नाही, हे पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी मात्र तो झोपला असावा असे समजून मी शाळेत जाण्यापूर्वी त्याच्यासाठी एक ताजे पान ठेवले होते.

निळ्याला, म्हणजे युरोपातल्या रोझालियाला, जिवंत झाडाशी काही देणेघेणे नाही. त्याच्या अळ्या मुख्यतः वठलेल्या बीच वृक्षांच्या लाकडात तीन-चार वर्षे काढतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या निर्देशाने त्याला संरक्षण आहे. पण रानातसुद्धा वठलेले झाड दिसले की ते हलवल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही, त्याला काय करणार? शिवाय उन्हात रचलेल्या ओंडक्यांवर माद्या मोठ्या विश्वासाने अंडी घालतात आणि काही दिवसांत ते ओंडके अंड्यांसकट गाडीत चढतात.

एवढे सारे वाचून झाल्यावर मी पुन्हा डावे पान उघडले. मत बदलायला हवे होते, हे मलाही कळते. पण हिरवाच देखणा वाटला.