काळी पाचमधला रॉक अँड रोल

नागपुरात कीबोर्डकडे वळणारे बरेच जण पेटीवरून आलेले असतात. भजनी मंडळ, गल्लीतला गणपती, कुणाच्या घरची सत्यनारायणाची पूजा, इथेच उजवा हात तयार होतो. अशांनी रॉक अँड रोलला हात घालायचा तर या संगीताचा नावाजलेला अमेरिकन पियानोवाला जेरी ली लुईस याच्या आधी चक बेरीचा पियानोवाला जॉनी जॉन्सन ऐकावा. जेरी ली टाचेनेही पियानो वाजवतो, स्टूल लाथाडतो, बघायला मजा येते. जॉन्सन गाण्याच्या पोटात शिरून वाजवतो. शिवाय त्याच्या पट्ट्या पेटीवाल्यांच्या सवयीच्या आहेत : काळी पाच (सप्तकातली पाचवी काळी की सा धरायची, म्हणजे बी फ्लॅट) आणि काळी दोन (ई फ्लॅट).

जॉन्सनचा जन्म ८ जुलै १९२४ चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या फेअरमाँटचा. महायुद्धात मरीन दलात होता, पुढे सेंट लुईसला स्थिरावला आणि स्वतःचं त्रिकूट उभं केलं. १९५२ च्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला, म्हणून त्याने चक बेरी नावाचा गिटारवाला बोलावला. बेरी गायचा, लोकांना हसवायचा; बघता बघता बँड त्याचाच झाला. मे १९५५ मध्ये शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीसाठी बेरीचं ‘मेबेलीन’ ध्वनिमुद्रित झालं, पियानोवर जॉन्सन.

हे गाणं काळी पाचमध्ये आहे, पुढच्या वर्षीचं ‘रोल ओव्हर बेटहोवन’ काळी दोनमध्ये. गिटारवाल्याला मोकळ्या तारांमुळे पांढरी तीन (ई) किंवा पांढरी सहा (ए) सोपी पडते. तो आपणहून काळी पाचमध्ये गाणं कशाला बांधेल? रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याने हाच मुद्दा धरून सांगितलं की या गाण्यांचं मूळ जॉन्सनच्या पियानोत आहे. २००० साली जॉन्सनने श्रेयासाठी बेरीवर दावा लावला. फार वर्षं उलटली म्हणून २००२ मध्ये तो फेटाळला गेला. मला विचाराल तर नुसत्या पट्टीवरून एवढं सिद्ध होत नाही. काळी पाच आणि काळी दोन सॅक्सोफोनलाही सोयीच्या, आणि बेरी आला तो सॅक्सोफोनवाल्याच्याच जागी.

पण हात बघा. या संगीताचा जीव कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर घसरण्यात आहे, जवळपास कणस्वरासारखा, म्हणजे मुख्य स्वराआधी निसटता लागणाऱ्या स्वरासारखा. सा काळी पाच धरला तर कोमल ग काळी एकवर येतो आणि शुद्ध ग पांढरी दोनवर. तर्जनी काळीवरून पांढरीवर नुसती सोडायची, वर करंगळी पांढरी चारवर. मध्यमाच्या कॉर्डला (म्हणजे म पासून एकत्र वाजवलेल्या स्वरांना) तीच घसरण काळी तीनवरून पांढरी पाचवर, पंचमाच्या कॉर्डला काळी चारवरून पांढरी सहावर. तिन्ही ठिकाणी उतार मिळतो. पांढरी एकमध्येही मिळतो. पांढरी तीनमध्ये मात्र कोमल ग पांढरीवर आणि शुद्ध ग काळीवर. बोट चढ चढून घसरत नाही, दोन बोटं लागतात आणि ठसका जातो.

खरी अडचण डाव्या हाताची. पेटीवर तो जन्मभर भाता मारतो, त्याला स्वर ठाऊकच नसतात. करंगळी काळी पाचवर, तर्जनी पांढरी चारवर, अंगठा पांढरी पाचवर. सा-प दोनदा, सा-ध दोनदा, असं एका बारमध्ये (चार मात्रांच्या आवर्तनात) दोन वेळा. प्रत्येक मात्रेचे तीन भाग करा. पहिला ठोका दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. बारा बारचा, त्या त्या स्वराच्या कॉर्डचा साचा असा : ४ बार सा, २ बार म, २ बार सा, १ बार प, १ बार म, २ बार सा. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला ८० मात्रांवर ठेवून पंधरा मिनिटं नुसता डावा हात. मनगट ताठ राहिलं तर दुसऱ्याच फेरीत कोपरापर्यंत कळ येते.

पेटीची दुसरी सवय म्हणजे सूर धरून ठेवणं. पेटीत हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडा तारेवर पडला की लगेच विरायला लागतो. म्हणून जॉन्सन एकाच कॉर्डचे मात्रेला तीन असे ठोके देतो, वर बारीक किणकिण सोडतो. सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलला पाय लावू नका, डाव्या हाताचा चिखल होतो. ६१ कीजच्या कीबोर्डवर वरची किणकिण लवकर संपते. ७६ असल्या तर उत्तम.

आणि मे महिन्यात कीबोर्ड कूलरच्या झोतात ठेवू नका. प्रत्येक कीखाली दोन संपर्क असतात. ते एकामागून एक किती वेळात जुळले, त्यावरून जोर मोजला जातो. ओल आणि धूळ तिथे बसली की एखादी की एकदम किंचाळते किंवा मुकी होते.

गिटारवाला कुरकुरला तर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून त्याला पांढरी सहाचे आकार वाजवू द्या, सूर काळी पाचचेच येतील. कीबोर्डची पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण आपण दाबायचं नाही. पुढच्या गाण्याआधी ते काढायला हमखास विसरतं आणि गायकाची पट्टी बिघडते.