दसऱ्याचा चास

दसऱ्याला आमचा जनावरांचा दवाखाना बंद. तरी सकाळी सातलाच वनखात्याच्या पोराचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, एक पक्षी धरलाव. उडंना झालाय."

भाजीच्या क्रेटवर जाळी बांधलेली, आत चास, म्हणजे नीलकंठ. आमचं देगलूर तेलंगणाच्या कडेला. तिकडं हा पालपिट्टा, म्हणजे दुधाचा पक्षी, आणि त्यांचा राज्यपक्षीही. याची पिसं चाऱ्यात घातली की गाय जास्त दूध देते असा जुना समज आहे. (सरकी पेंड घाला म्हणून मी घसा फोडतो, ते कोणी ऐकत नाही.) दसऱ्याला चास दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. पूर्वी त्यासाठी शिवारात जायचे. आता कोणीतरी धरून आणतो, दारोदार दाखवतो आणि पैसे घेतो.

पायाला दोरा इतका आवळला होता की कातडीत रुतलेला. ब्लेडच्या टोकाने एकेक पदर तोडायला वीस मिनिटं गेली. बसलेला चास तसा मळकट तपकिरी. बहुतेक निळाई पंखात. उजवा पंख उघडला तर डिंकाचा थर, आणि मोठ्या पिसांच्या जागी कात्रीने कापलेले पोकळ खुंट. डिंक तेलाने सुटला. खुंटांना औषध नाही. ते गळून नवी पिसं येईपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं.

पोरानं पंचनाम्यात 'ब्लू जे' लिहिलं होतं. मोबाईलवर पाहिलं, तर अमेरिकेतला पक्षी! चूक त्याची नाही, इंग्रजांनीच चासाला ते नाव दिलं. खरे 'जे' पक्षी कावळ्याच्या कुळातले, आपल्याकडचे हिमालयातल्या जंगलांत राहतात. चास खंड्याच्या जवळचा. मी खोडून 'चास' लिहिलं.

"साहेब, धोक्यातला लिहू का?"

आययूसीएन म्हणजे निसर्गरक्षणाची जागतिक संस्था. तिच्या लाल यादीत तो आधी 'चिंता नसलेला' होता. देशातल्या पक्ष्यांच्या २०२३ च्या अहवालाने मात्र तो घटतोय म्हणून दर्जा पुन्हा तपासायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये तो 'धोक्याच्या जवळचा' झाला. तसंही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडणं गुन्हाच. एवढं सगळं त्या बोटभर रकान्यात बसेना.

दुपारी चिमट्याने नाकतोडा पुढं धरला. आधी चिमट्यालाच चावला, मग गिळला.

संध्याकाळी सोनं द्यायला घरी गेलो, तर आईने विचारलं, "दिसला का रे चास?"

"दिसला," म्हणालो. कुठं ते सांगितलं नाही.