नेट दिवसाला दीड जीबी, गणित बारावीचं: सिम्पायला हात लावता येतो का?

तुम्ही विचारलंत म्हणून. यवतमाळातल्या घाटंजी-आर्णीकडचे बीएस्सीचे पोट्टे असोत की जिल्हा परिषदेच्या शाळेतले गणिताचे गुरुजी, प्रश्न फिरून तोच येतो: "सिम्पाय, सॅज हे फुकटातलं गणिताचं सॉफ्टवेअर जगभरातले लोक मिळून करतात म्हणता. मग आमच्याकडून त्यात काही होईल का? नेट दिवसाला दीड जीबी, लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही, आणि प्रोग्रामिंग जेमतेम."

होईल. फक्त जे होईल असं तुम्हाला वाटतंय ते नव्हे. नवं काहीतरी लिहून द्यायला उत्सुक असलेले लोक या प्रकल्पांकडे रग्गड आहेत. चुकलेलं उत्तर पकडून, ते चुकलेलंच आहे हे चार ओळींत पटवून देणारे मात्र नेहमीच कमी पडतात. त्या कामाला प्रोग्रामिंगपेक्षा बारावीचं गणित पक्कं लागतं, आणि डेटा फारच थोडा.

आधी कुठल्या वावरात उतरायचं ते ठरवा. सॅज २००५ साली विल्यम स्टाइन यांनी सुरू केलं. ते एकटं सॉफ्टवेअर नाही. बोर्डोचं पारी, १९८६मध्ये आखेनला सुरू झालेलं गॅप, एमआयटीच्या जुन्या 'मॅकसिमा'वरून (Macsyma) आलेलं मॅक्सिमा (Maxima), अशी कितीतरी सॉफ्टवेअर त्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या धाग्यानं ओवलेली आहेत. ताकद मोठी, पण स्रोतापासून बांधायला घेतलं तर साध्या लॅपटॉपला काही तास आणि दहा जीबीच्या आसपास मोकळी जागा लागते. तेवढ्या वेळात आपल्याकडे लाईन दोनदा जाऊन येते. ओन्द्रेय चेर्टिक यांनी सुरू केलेलं सिम्पाय मात्र निव्वळ पायथनमध्ये आहे आणि एमपीमॅथ हे संख्यात्मक आकडेमोडीचं पॅकेज सोडलं तर त्याला दुसरं काही लागत नाही. दोन्ही मिळून उतरवायला सहा-सात एमबी. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्स या आज्ञा टाइप करायच्या ॲपमध्येही चालतं. सुरुवात सिम्पायनं करा, सॅज पुढे बघू.

वापरायला सहा-सात एमबी पुरतात, पण बदल करायचा तर स्रोताची पूर्ण प्रत गिटनं, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनानं, उतरवावी लागते (यालाच 'क्लोन' म्हणतात), आणि आपल्याकडे माणूस पहिल्यांदा अडतो तो इथेच. गिटचं क्लोन मध्येच तुटलं तर ते उरलेलं पुढे चालू करत नाही, पहिल्यापासून सुरू करतं. नव्वद टक्क्यांवर टॉवर गेला की दिवसाचा डेटा पाण्यात. म्हणून क्लोन करतानाच 'डेप्थ १' द्यायचं. मग जुना इतिहास सोडून फक्त आजची अवस्था येते. पुढे रोज थोडं थोडं 'फेच'ला 'डीपन २००' देऊन मागचा इतिहास ओढायचा. तुटलं तर तेवढाच तुकडा जातो. अशा उथळ प्रतीत एक खोच आहे. मूळ शाखा पुढे सरकली आणि तुम्ही तिच्याशी मेळ घालायला गेलात, की दोन्हींचा समान पूर्वज सापडत नाही आणि गिट 'इतिहासांचा संबंध नाही' म्हणून हात वर करतं. प्रत बिघडली समजून लोक फोल्डर पुसतात आणि पुन्हा क्लोन मारतात. पुसू नका, अजून थोडं 'डीपन' करा. एखाद्या दिवशी तालुक्याला चांगलं नेट मिळालं तर 'अनशॅलो' देऊन विषयच संपवा.

आता मुख्य काम. चूक ओळखायची कशी, हे एका उदाहरणावर बघू.

१ भागिले (२ + कॉस क्ष) याचं ० ते २π निश्चित समाकलन घ्या. बारावीच्या पद्धतीनं ट = टॅन(क्ष/२) ठेवलं की अनिश्चित समाकलन मिळतं: २/√३ गुणिले आर्कटॅन(टॅन(क्ष/२)/√३). आता दोन्ही टोकांच्या किमती घाला. क्ष = ० ला शून्य, क्ष = २π ला टॅन π, म्हणजे तेही शून्य. वजाबाकी शून्य. पायऱ्या सगळ्या बरोबर, आणि उत्तर साफ चूक. कारण कॉसची किंमत −१ ते १ मध्येच फिरते, म्हणून हे फल कायम १/३ ते १ च्या दरम्यान राहतं. मग २π रुंदीवरचं क्षेत्रफळ २.०९ ते ६.२८ च्या मध्येच कुठेतरी हवं. खरं उत्तर २π/√३, म्हणजे सुमारे ३.६२८.

घोटाळा π पाशी आहे. तिथे टॅन(क्ष/२) अनंताला जाऊन उलट बाजूनं परत येतो, आर्कटॅन π/२ वरून −π/२ वर उडी मारतो, आणि आपलं प्रतिअवकलज, म्हणजे ते अनिश्चित समाकलन, तुटतं. तुटलेल्या फलाला कलनशास्त्राचा मूलभूत सिद्धांत लागू होत नाही. गणिती सॉफ्टवेअरमधल्या चुकांचा हा जुना, नावाजलेला प्रकार आहे. सिम्पाय या उत्तरात फ्लोअर फलाचं (संख्येचा खालचा पूर्णांक देणाऱ्या फलाचं) एक जादा पद जोडतं. त्यातला फ्लोअर π पाशी बरोबर एकानं वाढतो आणि ते पद उडी भरून काढतं. ते पद पाहून "उत्तर उगाच लांबलंय, सोपं करा" अशी तक्रार करायचा मोह होतो. करू नका, ते पद काढलं की शून्य परत येतं.

या उदाहरणात उत्तर तपासायला ते कसं काढलं हे कळावं लागलं नाही. फल सगळीकडे धन असेल तर क्षेत्रफळ ऋण किंवा शून्य येऊच शकत नाही. अशा ढोबळ मर्यादा आधी लावायच्या. मग मिळालेल्या अनिश्चित समाकलनाचं अवकलन करून, क्ष च्या दोन-चार आडनिड्या किमती घालून मूळ फलाशी ताडायचं. ० आणि १ घालू नका. तिथे चुकीची उत्तरंही जुळून जातात. वरची उडी मात्र अवकलनानं सापडत नाही, म्हणून निश्चित समाकलन संख्यात्मक पद्धतीनं वेगळं काढायचं. एमपीमॅथ तेच करतं आणि त्याचा रस्ता प्रतिअवकलजावरून जात नाही. दोन वेगळ्या रस्त्यांनी दोन वेगळी उत्तरं आली तर शंका खरी.

पण त्याआधी, जे चूक वाटतं आणि चूक नसतं ते माहीत हवं. √(क्ष²) ला सिम्पाय क्ष देत नाही, तसंच ठेवतं. बरोबरच आहे. क्ष वास्तव आहे हे सांगितलंत तर केवल मूल्य देईल, धन आहे सांगितलंत तर क्ष देईल. न सांगितल्यास तो संमिश्र धरला जातो. १/क्ष च्या समाकलनात आपल्या पुस्तकासारख्या उभ्या रेघा नसतात आणि अधिक c ही नसतो. c चं कारण उघड आहे, ते वापरणाऱ्यानं धरायचं. रेघांचं असं, की संमिश्र संख्यांत क्ष ऋण असताना लॉग क्ष मध्ये iπ एवढीच जादा भर पडते, आणि ती स्थिरांक असल्यानं अवकलनात उडते. तिसरं म्हणजे घातासाठी टोपीची खूण. पायथनमध्ये ती द्विमान अंकांवरची वेगळीच क्रिया आहे. २ टोपी ३ चं उत्तर १ येतं, ८ नव्हे. घाताला दोन फुल्या लागतात. सॅजमध्ये मात्र टोपी चालते, कारण सॅज ओळ वाचतानाच ती बदलून घेतं. चौथं, १/३ साधं लिहिलं तर पायथन सिम्पायच्या हाती देण्याआधीच त्याचं ०.३३३… करून टाकतं, 'रॅशनल' वापरा. या चारांतलीच तक्रार घेऊन गेलात तर ती नम्रपणे बंद केली जाईल. अपमान समजू नका.

शंका खरी ठरली की उदाहरण छाटायला बसा. तीस ओळींचा प्रोग्राम असेल तर एक ओळ काढा, चालवा. चूक टिकली तर ती ओळ गेली, नाही टिकली तर परत घाला. ३७ च्या जागी २ चालतो का बघा, दोन चलांच्या जागी एक. शेवटी एक-दोन ओळी उरल्या पाहिजेत. हे काम कंटाळवाणं आहे आणि पूर्ण ऑफलाइन होतं; आपल्यासारख्यांसाठी याहून सोयीचं काम नाही. मग गिटहबवर, म्हणजे प्रकल्पाचा कोड आणि चर्चा असते त्या संकेतस्थळावर, टाकायच्या तक्रारीत तीनच गोष्टी: त्या ओळी आणि आलेलं उत्तर, अपेक्षित उत्तर व ते का, आणि सिम्पाय-पायथनची आवृत्ती. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, ओळी बोलतात. पडद्याचा मोबाइलनं काढलेला तिरपा फोटो तेवढा टाकू नका; त्यातून ओळ उचलून कुणालाच चालवून बघता येत नाही.

कुणी म्हणेल, विकतचं सॉफ्टवेअर असतं तर ही कटकटच नसती. २०१४मध्ये तीन गणितज्ञांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नोटिसेसमध्ये आपला अनुभव लिहिला आहे. एक मोठं व्यापारी सॉफ्टवेअर मोठ्या पूर्णांकांच्या निश्चयकाची चुकीची किंमत देत होतं. तोच निश्चयक पुन्हा काढला की किंमत वेगळी. आतला कोड बंद असल्यानं चूक कुठे आहे हे त्यांना बघताच येत नव्हतं. इथे निदान झाकण उघडं आहे.

पुढची पायरी, चूक कधी शिरली ते शोधणं. मागच्या आवृत्तीत उत्तर बरोबर होतं आणि आता नाही, मध्ये हजारभर बदल झालेत, तर गिटचं 'बायसेक्ट' दर वेळी मधला बदल काढून देतं आणि तुम्ही फक्त 'बरा' किंवा 'वाईट' सांगायचं. दहा वेळा, कारण २ चा दहावा घात १०२४. कोडमधलं ओ की ठो कळत नसलं तरी दोषी बदल हाती येतो, आणि तेवढं तक्रारीखाली लिहिलंत तरी दुरुस्त करणाऱ्याचं निम्मं काम झालं. याला मात्र इतिहास लागतो. ती 'डीपन'ची मेहनत इथे फळते.

स्वतः दुरुस्ती करणार असाल तर प्रत्येक बदलाला वेगळी शाखा, 'मास्टर' या मुख्य शाखेवर काही नाही. दुरुस्तीसोबत चाचणी हवीच: तुमचं छाटलेलं उदाहरण त्याच विभागाच्या चाचण्यांच्या फाइलमध्ये कायमचं बसतं, म्हणजे उद्या कुणी नकळत तीच चूक आणली की लगेच लाल दिवा. सगळ्या चाचण्या लॅपटॉपवर लावू नका, पंखा ओरडत राहील. आपल्या फाइलपुरत्या लावा. सॅजचा नियम आणखी कडक आहे. तिथे प्रत्येक नव्या फलनाच्या वर्णनातच चालणारी उदाहरणं लागतात. दशांश उत्तराचा शेवटचा अंक यंत्रागणिक बदलतो, म्हणून तिथे चालेल इतका फरक उदाहरणाशेजारी लिहून ठेवायची सोय आहे. ती विसरलात तर तुमच्याकडे हिरवं आणि त्यांच्याकडे लाल.

पहिल्या प्रस्तावाला ('पुल रिक्वेस्ट'ला, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घ्या या विनंतीला) लाल फुली बहुतेक वेळा गणितामुळे पडत नाही. ओळीच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा सिम्पायच्या चाचणीला खपत नाही. विंडोजमध्ये ओळ संपवायची खूण वेगळी असल्यानं कधी एका ओळीच्या बदलात अख्खी फाइल बदललेली दिसते. गिटची ती सेटिंग आधीच बघा. नाव आणि ईमेल 'मेलमॅप' या योगदान देणाऱ्यांच्या यादीच्या फाइलीत नसेल तरी फुली. कॉलेजच्या लॅबमधला किंवा मित्राचा लॅपटॉप वापरत असाल तर गिटमध्ये आधीच्याचं नाव बसलेलं असतं. तुमची मेहनत त्याच्या खात्यावर जाते आणि नंतर निस्तरणं डोकेदुखी. पहिली नोंद ('कमिट') करण्याआधी नाव तपासा. नवख्याच्या प्रस्तावावर गिटहबच्या आपोआप चाचण्या कुणा जुन्या सदस्यानं परवानगी दिल्याशिवाय सुरूच होत नाहीत, त्यामुळे नुसतं 'थांबलेलं' दिसलं तर घाबरू नका.

"हे काम मला द्या" असं लिहून वाट बघणंही सोडा. सिम्पायमध्ये कामं कुणाच्या नावानं राखून ठेवत नाहीत, करायला लागायचं. गूगल समर ऑफ कोड या मानधनाच्या उन्हाळी उपक्रमाच्या अर्जासाठी सिम्पाय आधी एक बदल करून दाखवायला सांगतं, म्हणून फेब्रुवारी-मार्चात सोप्या कामांवर सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर गाड्या लागतात तशी रांग असते. पावसाळ्यात या, मोकळं असतं.

तपासणारे बहुतेक युरोप-अमेरिकेतले आणि बहुतेक बिनपगारी. संध्याकाळी पाठवलेल्याला सकाळी उत्तर असतं, नाहीतर दोन आठवडे काहीच नसतं. दोन आठवड्यांनी एका ओळीची आठवण पुरे. ते बदल सुचवतील तेव्हा नवा प्रस्ताव उघडू नका, त्याच शाखेत नोंद वाढवा. नाहीतर झालेली चर्चा मागे राहते. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला, स्वतःला न कळलेला कोड पाठवला तर "ही ओळ का?" या पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते.

परवान्याचा धुराही, म्हणजे बांधही, ओलांडू नका. सॅज जीपीएल परवान्याखाली आहे (त्यातला कोड वापरून केलेलंही जीपीएलखालीच द्यावं लागतं), सिम्पाय सैल अटींच्या बीएसडीखाली. सिम्पायचा कोड सॅजमध्ये जाऊ शकतो. सॅजमधला उचलून सिम्पायमध्ये टाकता येत नाही, दोन्ही फुकट असले तरी. पद्धत वाचून समजून घ्या, आणि फाइल बंद करून स्वतः लिहा.

बदल विलीन झाला म्हणून त्याच रात्री पिपनं (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनानं) अपग्रेड करून बघू नका. तिथे पुढची आवृत्ती निघेपर्यंत जुनंच उत्तर दिसणार, आणि त्याला महिने लागू शकतात. तोवर क्लोन केलेल्या फोल्डरमधूनच, 'एडिटेबल' पद्धतीनं, सिम्पाय बसवून घ्या.