वाईहून वाईला

"कुठली तू?" असं इथे कुणी विचारलं की मी सांगते, वाईची. पुढचा प्रश्न ठरलेला. "कुठल्या वाईची?" कारण हाँगकाँगच्या कॅन्टोनीजमध्ये 'वाई' म्हणजे तटबंदीचं गाव. आमच्या एकट्या काम तिनमध्येच कात हिंग वाई, ताई हाँग वाई आणि विंग लुंग वाई अशा तीन वाया आहेत. पहिल्याच महिन्यात मी घरमालकीण आजींना फोनवर आपला कृष्णेचा घाट आणि ढोल्या गणपती दाखवला. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करत करत चारी कोपरे तपासले आणि विचारलं, "तट कुठंय?" तट नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी आमची वाई ही काही वाई राहिली नाही.

हाँगकाँग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि साठमजली इमारती येतात. आईला तर अजून वाटतं की मी ढगात राहते. प्रत्यक्षात आम्ही न्यू टेरिटरीजमधल्या, म्हणजे हाँगकाँगच्या खेड्यापाड्यांच्या भागातल्या, एका तीनमजली घराच्या मधल्या मजल्यावर राहतो. खिडकीतून आधी केळी दिसतात, मग कंटेनरचे ढीग, मग भंगारातल्या गाड्या आणि सगळ्यांच्या मागे ताई मो शानचा डोंगर. आजींचं आडनाव तांग. शेजाऱ्यांचं तांग, किराणावाल्याचं तांग, ज्याच्याशी आजींचं गेली कित्येक वर्षं पटत नाही त्याचंही तांगच. भावकी म्हणजे काय ते मला इथल्या लोकांना समजावून सांगावं लागलं नाही.

कात हिंग वाई आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. गाव पंधराव्या शतकातलं, मिंग काळातलं. भोवतीचा पाचेक मीटर उंच तट नंतरचा, दरोडेखोरांच्या भीतीने बांधलेला. आत जायला एकच दरवाजा. दाराशी काळ्या झालरीच्या टोप्या घातलेल्या म्हाताऱ्या बसतात आणि फोटो काढायचा तर आधी पैसे मागतात. मी पहिल्या वेळी फोटो काढला, पैसे दिले आणि निघून आले. दरवाजाकडे नीट पाहिलंच नाही.

ते पाहिलं सासऱ्यांनी. गेल्या वर्षी ते आले होते. आयुष्यभर सांगलीला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवलेला माणूस. डिस्नेलँडला कंटाळले, पण या दरवाजापाशी वीस मिनिटं उभे. लोखंडी कड्या एकीत एक ओवून केलेलं काम आहे, चिलखताच्या जाळीसारखं. ते एका फळीवरून हात फिरवायचे, मग दुसरीवरून, परत पहिलीकडे. शेवटी म्हणाले, "सूनबाई, ही जोडी नाही. दोन वेगळ्या लोहारांचं काम आहे हे."

मला वाटलं, डागडुजी झाली असेल कधीतरी. घरी येऊन शोधलं तर म्हाताऱ्याची नजर पक्की निघाली. त्या दोन फळ्या दोन वेगळ्या गावांच्या आहेत. एक कात हिंग वाईची, एक शेजारच्या ताई हाँग वाईची. दोन्ही गावांचे दरवाजे १८९९ साली इंग्रजांनी काढून नेले आणि १९२५ साली आयर्लंडहून परत आले ते असे, विजोड.

गोष्ट अशी. ९ जून १८९८ ला पेकिंगमध्ये करार झाला आणि चीनच्या राजाने न्यू टेरिटरीजचा हा सगळा मुलूख ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांना दिला. गावांना कुणी विचारलं नाही. हाँगकाँग सरकारचा सचिव स्ट्युअर्ट लॉकहार्ट ऑगस्टमध्ये पाहणीला फिरला. त्याच्या अहवालात ४२३ गावं आणि १,००,३२० माणसं मोजलेली आहेत. गृहस्थाला चिनी उत्तम यायचं, त्यामुळे पाहणी बारकाईची झाली. पण गावकऱ्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मात्र अहवालात आलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच होतं, जमीन. नवा धनी आला की नवी मोजणी येणार, नवा कर येणार. तांगांसारख्या मोठ्या घराण्यांना तर जास्तच धास्ती, कारण ते कोकणातल्या खोतांसारखे पुष्कळशा अशा जमिनींचं भाडं खात होते, ज्यांचे कागद दाखवा म्हटलं असतं तर पंचाईत झाली असती.

ताई पोच्या टेकडीवर झेंडा लावायचं ठरलं, म्हणून पोलिसांनी तिथे चटयांचा मांडव उभारायला घेतला. टेकडीचं फेंगशुई बिघडतं म्हणून लोक आधीच चिडलेले. ३ एप्रिल १८९९ ला त्यांनी मांडव जाळला. गव्हर्नर हेन्री ब्लेकने जाहीरनामे लावले की तुमच्या जमिनी आणि चालीरीती सुरक्षित राहतील. १४ तारखेला नवा मांडवही जाळला. १५ ला कॅप्टन बर्जर सव्वाशे जवान घेऊन ताई पोला पोचला, तर आजूबाजूच्या टेकड्या माणसांनी भरलेल्या. गावकऱ्यांकडे लहान तोफा होत्या आणि पेशवाईच्या कागदांत 'जेजाला' म्हणून भेटते तसली लांब, जड बंदूक. बर्जरची तुकडी अडकलीच होती, पण खाडीत उभ्या असलेल्या 'फेम' नावाच्या युद्धनौकेने तोफा डागल्या आणि तिची सुटका झाली. १६ ला घाईघाईत झेंडा चढवला. १७ ला लाम त्सुएनच्या खोऱ्यात लढाई झाली. १८ ला आमच्या इथून जवळच, शेउंग त्सुएनपाशी, अडीच हजारांवर गावकरी उघड्या शेतांतून चालून आले.

तिथे संपलं सगळं. इंग्रजांच्या बाजूचा एकही माणूस मेला नाही. गावकऱ्यांकडचे किती मेले याची नोंद कुणी ठेवली नाही. अभ्यासकांचा अंदाज पाचशेच्या आसपास जातो. दरवाजे काढले गेले ते याच लढाईनंतर. ब्लेकसाहेब निवृत्तीनंतर आयर्लंडला गेले आणि दरवाजे त्यांच्या घरी पोचले. एका गावाचं दार काढून दुसऱ्याच्या बंगल्याला लावायचं, याला 'विजयचिन्ह' म्हणतात म्हणे. ब्लेकला एक श्रेय मात्र द्यायला हवं: लढाईनंतर लॉकहार्ट कडक शिक्षांसाठी अडून बसला होता, त्याला आवरलं ब्लेकने.

हे सगळं वाचताना मी चहा पीत होते आणि बर्जरच्या पलटणीचं नाव आलं, हाँगकाँग रेजिमेंट. मी गृहीत धरलं, इथलीच असणार. नव्हती. १८९२ च्या सुमारास हिंदुस्थानातून भरती करून आणलेली पलटण होती ती, बहुतेक पंजाबी मुसलमान आणि पठाण. १९०२ साली मोडली. म्हणजे या शेतांतून बंदुका घेऊन गेलेली माणसं आपल्याकडची. गोरे अधिकारी थोडेच. हुकूम हिंदुस्तानीतून, ऐकणारे झेलम-पेशावरकडचे, आणि ज्यांच्यावर हुकूम चालायचा ते कॅन्टोनीज नाहीतर हाक्का बोलणारे.

आजींना विचारू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी त्यांच्या नातवाला मध्ये घालून विचारलंच. आजी हसल्या. "आम्हाला माहीत नाही होय? आ-चा होते सगळे." आ-चा म्हणजे हिंदुस्थानी. हा शब्द काही फारसा गोड नाही, पण आजींच्या तोंडी त्यात वाकडं काही नव्हतं. पुढे त्या म्हणाल्या की लहानपणी जेवायला त्रास दिला की आई सांगायची, आ-चा पोलीस येईल आणि धरून नेईल. मग माझ्या ताटात आणखी एक फिशबॉल वाढला.

पोलीस खरोखरच होते. फौज महिनाभर राहते, तिचं काम झालं की जाते. पण गावं ताब्यात ठेवायची तर रोज कुणीतरी दिसायला लागतं. म्हणून टेकड्या बघून ठाणी बांधली आणि त्यांत पंजाबी शिपाई ठेवले. पिंग शानचं ठाणं याच सुमाराचं, तांगांच्या तिथल्या गावांच्या अगदी डोक्यावर. गावकरी म्हणायचे की ती टेकडी खेकड्याच्या आकाराची आहे आणि इंग्रजांनी खेकड्याच्या पाठीवर धोंडा ठेवला. २००७ पासून त्या ठाण्यात तांग घराण्याचं संग्रहालय आहे. टेकडी उतरून थोडं चाललं की तात ताक सभागृह लागतं, जिथे बसून १८९९ चा उठाव ठरला आणि जिथे मेलेल्यांची आठवण जपली आहे. मी दोन्ही एकाच दुपारी पाहिलं. वर एसी होता, खाली नव्हता, आणि खाली जास्त वेळ थांबले.

नंतरचं थोडक्यात सांगते. १९४५ मध्ये जपानी गेल्यावर पुन्हा आठ महिने लष्करी कारभार होता आणि या गावांत ब्रिटिश कमांडो गस्त घालत. मग ब्रिटिश फौजेतले गुरखे आले ते थेट १९९७ पर्यंत. शेक काँगची त्यांची छावणी आमच्या शेजारचीच. तिथे आता चिनी सैन्य आहे. युएन लाँगच्या बाजारात नेपाळी दुकानं अजून आहेत आणि कोथिंबीर, मोहरीचं तेल मला तिथेच मिळतं.

खरी गंमत पुढे आहे. बंदूकवाले गेले, पण त्यांच्या मागोमाग आणखी एक हिंदुस्थानी टोळी आली आणि ती अजून गेलेली नाही, असं म्हटलं तरी चालेल. १८९९ च्याच नोव्हेंबरात सर्व्हे ऑफ इंडियाचा टेट नावाचा अधिकारी हिंदुस्थानी मोजणीदार घेऊन आला. तीन-चार वर्षं ही माणसं मोजणीच्या साखळ्या ओढत, प्लेन टेबल म्हणजे नकाशा काढायची तिपाईवरची फळी खांद्यावर घेऊन बांधाबांधाने फिरली. भातखाचरं, डुकरांची खुराडी, थडग्यांपुढची मोकळी जागा, सगळं कागदावर उतरवलं. काही नकाशे मैलाला १६ इंच, काही ३२ इंच. मुलुखाचे डी.डी. (डिमार्केशन डिस्ट्रिक्ट) म्हणून विभाग पाडले, आणि त्यांत प्रत्येक तुकड्याला नंबर. त्यावरून १९०५ साली पट्टे झाले: जमीन इंग्लंडच्या राजाची, गावकरी भाडेकरू. मुदत संपणार २७ जून १९९७ ला, मूळ भाडेपट्टा ३० जूनला संपायच्या तीन दिवस आधी. म्हणजे राजाकडे तीन दिवस स्वतःचे शिल्लक. इतका बारीक हिशोब वाचून मला आमच्या तलाठी कार्यालयातले एक भाऊसाहेब आठवले.

तांगांसारख्या भाडं खाणाऱ्यांचं यात बरंच गेलं. कसणाऱ्याचं नाव लागलं आणि कागद नसलेला मालक राहिला बाहेर. कूळकायदा माहीत असलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की इथे कायदा कुळांच्या प्रेमापोटी आला नव्हता. कर कुणाकडून घ्यायचा ते नक्की हवं होतं.

त्याच हिशोबाची दुसरी शेपूट १९७२ ची. १८९८ साली गावात असलेल्या पुरुषाच्या वंशातल्या पुरुषाला, मजल्याला सातशे चौरस फूट असं तीनमजली घर बांधायचा एकदा हक्क. आमचं भाड्याचं घर तसंच, आजींच्या मुलाच्या हक्काचं. मुलींना तो हक्क आजही नाही. वारसाहक्काने जमीन मिळायला तर १९९४ उजाडलं. आपल्याकडे महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला तोही १९९४ साली, तेव्हा मी फार नाकं मुरडत नाही.

आमच्या भाडेकरारावर पत्त्याच्या जागी डी.डी. आणि दोन आकडे आहेत. एजंटाच्या दुकानात तो कागद पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "अरे, हा तर सातबारा आहे." तेव्हा ते गमतीने म्हटलं होतं. ही साखळी कुणी ओढली होती ते तेव्हा माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात आजी आणि त्या न पटणाऱ्या तांगांचं पुन्हा पेटलं. तांगांनी कुंपण नवं बांधलं आणि आजींच्या मते ते दीड फूट आत आलं. मोजणीदार आला, तरुण मुलगा, तिपाई आणि जीपीएस घेऊन. एका हातात टॅब्लेट, दुसऱ्यात जुन्या डी.डी. नकाशाची प्रत. नकाशावर बांधाची रेघ एका जागी जराशी बाक घेते, जमिनीवर मात्र तिथे बाक घ्यायला काही कारणच नाही. झाड नाही, दगड नाही, पाणी नाही. मुलगा डोकं खाजवत राहिला. मी प्रत मागून घेतली आणि बराच वेळ पाहिली. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एप्रिल-मेच्या उकाड्यात, चिखलात उभा राहून कुणीतरी ती रेघ ओढली असेल. भाषा येत नाही, गावकरी दुरून टक लावून बघताहेत, तीन वर्षांपूर्वी इथेच गोळ्या चालल्यात. हात जरा हलला असेल.

आजींनी माझ्या हातातला कागद काढून घेतला, नातवाकडे पाहिलं आणि काहीतरी बोलल्या. तो हसू दाबत म्हणाला, "आजी म्हणते, तुमच्या माणसाने वाकडी ओढलीय. तुम्हीच सांगा आता कुंपण कुठे घालायचं."

मी मोजणीदारांची टोळी सोडून पळाले. तांगांनी तोवर कुंपणाला लागून पपईची रोपं लावली होती. आजींनी संध्याकाळी त्यांतली तीन उपटून आमच्या जिन्यात आणून ठेवली.