गॅस संपत नसतो, लीक होतो (आमची वाटचाल)

अकोल्यात कारएसीचं दुकान म्हटलं की लोक म्हणतात तुमचं काय बापा, सोन्याची खाण आहे. आहे ना, पण तीनच महिन्यांची. मार्च ते मे. पाऊस पडला की आपण खुर्ची टाकून माशा मारत बसतो.

१९९९ ला टिनाच्या शेडमधे सुरुवात केली. माझ्याकडे एक गेज सेट म्हणजे गॅसचा दाब मोजायची घड्याळं, गॅस भरण्याआधी पाइपातली हवा ओढून काढणारा एक जुना व्हॅक्यूम पंप, आणि पार्टनर म्हणजे रेडिएटरवाले दादा. त्यांचं काम बघायला पाहिजे होतं तुम्ही, टाकी उकलायची, कोअर म्हणजे मधल्या जाळीच्या एकेका नळीतून पट्टी घालून रॉडिंग, म्हणजे साफसफाई करायची, मग नवसागर, कथील, आणि झाळ अशी की त्या जागी परत थेंब नाही. आता प्लास्टिकच्या टाक्या आल्या, फुटली की नवीन आणा.

एसी आणि रेडिएटर एकाच शेडमधे म्हणून लोक हसायचे. अरे पण कंडेन्सर, म्हणजे एसीचा गरम गॅस थंड करणारी जाळी, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो ना राव, ४५ डिग्रीत त्याची गरम हवा सरळ मागे रेडिएटरवर जाते, त्यात जाळीत माती बसलेली असली की एसीही मरतो आणि इंजिनचा काटाही लाल. सांगून ठेवतो, गाडी फाटकावर उभी असताना गरम होत असेल तर आधी फॅन बघा, हायवेला पळताना होत असेल तर बहुतेक रेडिएटर चोक आहे. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकणाऱ्या मेकॅनिककडे परत जाऊ नका.

मधली वर्षं बरी गेली. मग समोर एक दुकान उघडलं, नाव घेत नाही. बोर्ड काय तर ‘गॅस फुल ५०० रुपये’. ना लीक टेस्ट, ना व्हॅक्यूम. जुन्या एसीतला बारा नंबरचा (आर-१२) गॅस २०१० पासून बंद झालेला, जुन्या गाडीत त्याच्या जागी आलेला १३४ टाकायचा तर ऑइल, ओलावा शोषणारा ड्रायर, फिटिंग सगळं बदला, एवढं ऐकलं की गिऱ्हाईक रस्ता ओलांडायचं. आणि हा पठ्ठ्या सरळ स्वैपाकाचा गॅस भरायचा. कूलिंग मस्त यायचं, खोटं कशाला बोलू. पण तो गॅस पेटतो हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार.

मे २०१२, भर दुपारी एक जुनी ८०० आली, पंधरा दिवसांत कूलिंग गेलेलं. गॅस कुठं भरला ते गिऱ्हाईक बोललंच नाही. बारा नंबरचा लीक आम्ही बत्तीने पकडायचो, ज्योत हिरवी झाली की लीक सापडला. दादांनी सवयीने बत्ती पाइपाजवळ नेली आणि भप्पकन. उजवा हात, अर्धी मिशी, बॉनेटखालचं सगळं वायरिंग गेलं. साबणाचा फेस लावा म्हणून मी सांगायला पाहिजे होतं, मी आत चहा पीत होतो.

गाडीची भरपाई आम्ही दिली, दवाखाना आम्ही केला, त्यात व्हॅक्यूम पंप विकला. समोरचा मात्र सगळ्यांना सांगत फिरला की तिकडे गाड्या जळतात. गॅस त्याचा हे सिद्ध कसं करणार, बिल थोडीच देत होता तो.

मे संपायचा होता, पण आमचा सीझन हातचा गेलाच होता. तेव्हा शेगावच्या ट्रिपा मारणारे आमचे सुमोवाले काका आले आणि गाडी दुकानासमोर लावून चावी माझ्या हातात दिली. म्हटलं काय झालं गाडीला? म्हणे, "काहीच नाही झालं रे, आठ दिवस उभी राहू दे. मोकळं दुकान दिसलं का गिऱ्हाईक येत नाही." ऐन मे महिन्यात, आठ दिवसांची भाडी सोडून. नवव्या दिवशी मी फक्त कंडेन्सर धुऊन दिला तर त्याचे पैसे पण देऊन गेले.

समोरच्याचं शटर पुढे दोन वर्षांनी पडलं. त्याचा गेज सेट भंगारवाल्याकडे दिसला, मी घेऊन आलो, खिळ्याला लावलाय. निळ्या घड्याळाची काच फुटलेली आहे आणि होज काढून ठेवला तरी काटा वीसच दाखवतो.